परम, खैराट आणि आमच्या अभ्यासिकेतले पाच डबे

मंगरूळपीरला आमच्या मोहल्ल्यात एक छोटी अभ्यासिका आहे. एक खिडकी, दोन पंखे, शाळेतून निकालात निघालेली टेबलं आणि त्यांवर पाच संगणक. दुपारी मुली येतात, संध्याकाळी मुलं. स्कॉलरशिपचे अर्ज भरायचे, मराठी टायपिंगचा सराव करायचा, कधी उर्दूत एखादा निबंध टाईप करून बघायचा, एवढंच तिथलं काम. हे संगणक आम्हाला एका कार्यालयाने दान दिले होते. ते दान होतं की भंगार हलवायची सोय, यावर आमच्यात अजून एकमत नाही. पण मी त्यांवर डेबियन नावाची मुक्त प्रणाली टाकली आणि ते इमानेइतबारे चालत राहिले. मुलं त्यांना 'डबे' म्हणतात. रागाने नाही, लाडाने.

सप्टेंबरात माझा भाचा पेनड्राइव्हवर नवी आवृत्ती घेऊन आला. तो अकोल्याला बीसीए करतो. आवृत्ती होती डेबियन १३, ९ ऑगस्ट २०२५ ला बाहेर पडलेली. बराच वेळ खटपट करून तो म्हणाला, "मामू, इसमें बत्तीस बिट का इन्स्टॉलरच नहीं है."

मला वाटलं, पोराने चुकीची फाईल आणली. फाईल बरोबर होती. डेबियनने आय-३८६, म्हणजे ३२-बिट पीसीसाठी, कर्नल आणि इन्स्टॉलर देणं बंद केलं होतं. ज्या प्रकारच्या यंत्रावर ही प्रणाली १९९३ साली जन्मली, त्याच प्रकाराला तिने दार दाखवलं होतं.

"फेक देते ना मामू. भंगारवाले चाचा किलो के भाव से ले लेंगे." भाच्याचं म्हणणं व्यवहाराला धरून होतं. पण पाचही टेबलं रिकामी झाली तर दुपारच्या मुली कुठे जाणार? स्टँडजवळच्या नेट कॅफेत त्यांना घरून पाठवत नाहीत, आणि घरचा मोबाईल भावाच्या खिशात असतो. मी त्याला म्हटलं, आठ दिवस थांब. आणि त्या आठ दिवसांत ही गोष्ट मुळापासून वाचून काढली.

संगणकाचं आर्किटेक्चर म्हणजे काय, हे वऱ्हाडातल्या माणसाला शकुंतला रेल्वेवरून चटकन समजतं. यवतमाळहून कारंजामार्गे मूर्तिजापूरला येणारी ही गाडी अडीच फुटी रुळांवरून चालायची. मूर्तिजापूरला मुंबई-हावडा मोठी लाइन अगदी शेजारी, पण शकुंतलेचा डबा तिच्यावर चढू शकत नसे. माणसं उतरायची, बोचकी खांद्यावर घ्यायची आणि दुसऱ्या गाडीत बसायची. प्रोसेसरचंही तसंच आहे. इंटेलच्या प्रोसेसरला कळणाऱ्या आज्ञा वेगळ्या, मोबाईलमधल्या आर्मच्या वेगळ्या, आयबीएमच्या पॉवरच्या आणखी वेगळ्या. एका रुळाचा प्रोग्राम दुसऱ्यावर चालत नाही. तो प्रोग्राम मुळात ज्या मजकुरात लिहिला, तो सोर्स कोड हातात असेल तरच नव्या रुळाप्रमाणे पुन्हा घडवता येतो.

इथे आपल्या वाचकांना दख्खनचे द्विभाषिक कागद आठवतील. आदिलशाहीतला एखादा हुकूम फार्सीत आणि त्याच कागदावर मोडी मराठीत. हुकूम एकच. एक मजकूर दरबारच्या मुन्शीसाठी, दुसरा गावच्या कुलकर्ण्यासाठी. सोर्स कोड म्हणजे तो मूळ हुकूम, आणि प्रत्येक आर्किटेक्चर म्हणजे एक वाचणारा, ज्याला फक्त स्वतःचीच लिपी येते. हुकूम कुणी तिजोरीत बंद करून ठेवला आणि नुसती फार्सी प्रत वाटली, तर कुलकर्णी काय करणार?

लिनक्सचा जन्म मात्र एकाच रुळावर झाला. २५ ऑगस्ट १९९१ ला हेलसिंकीतल्या लिनस तोरवाल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने जाहीर केलं की आपण इंटेल ३८६ साठी छंद म्हणून एक प्रणाली लिहितो आहोत. ती दुसऱ्या यंत्रावर नेण्यासारखी नाही. पुढच्याच जानेवारीत अँड्र्यू टॅनेनबाम या अ‍ॅमस्टरडॅमच्या प्राध्यापकांनी त्याला चारचौघांत सुनावलं. त्यांच्या मते इंटेलचं हे घराणं काही वर्षांत संपणार होतं आणि त्याला बांधलेली प्रणाली लिहिणं हीच मोठी चूक होती. टॅनेनबाम यांचं भाकीत साफ चुकलं, टीका मात्र योग्य होती. वादात असं पुष्कळदा होतं.

त्या टीकेला उत्तर मिळालं ते यंत्रांनीच. अमिगा आणि अटारी ही मोटोरोला ६८००० जातीची घरगुती यंत्रं बाळगणाऱ्या हौशी लोकांनी लिनक्स स्वतःच आपल्या रुळावर नेलं. १९९४ मध्ये डिजिटल कंपनीतल्या जॉन हॉल यांनी तोरवाल्ड्सला कंपनीकडून ६४-बिटचा अल्फा संगणक मिळवून दिला. त्यावर काम करताना कर्नलची मांडणीच बदलली. यंत्रावर अवलंबून असणारा भाग एका बाजूला काढला आणि बाकीचा सगळ्यांसाठी सामाईक ठेवला. घर बांधणाऱ्या गवंड्याच्या भाषेत सांगायचं तर जोतं जमिनीप्रमाणे बदलायचं, वरचं घर तेच ठेवायचं. मार्च १९९५ च्या १.२ आवृत्तीत इंटेलसोबत अल्फा, स्पार्क आणि मिप्स हे तीन रूळ आले.

त्याच काळात मायक्रोसॉफ्टची विंडोज एनटीही अनेक रुळांवर होती, हे आता फारसं कुणाला आठवत नाही. १९९६ ची एनटी ४.० इंटेल, अल्फा, मिप्स आणि पॉवरपीसी अशा चार घराण्यांवर चालत होती. मग कंपनीने हिशेब मांडला आणि एकेक रूळ उखडला. विंडोज २००० बाजारात आली ती फक्त इंटेलसाठी. अल्फावाल्या ग्राहकाने करायचं काय? काही नाही. हुकूम तिजोरीत होता.

आता मूर्तिजापूर. आमच्याकडून कारंजामार्गे गेलं की लागतं. त्याच तालुक्यात मुरंबा नावाचं गाव आहे. तिथे १९४६ साली विजय भटकर जन्मले. १९८८ मध्ये पुण्यात सीडॅक स्थापन झाली आणि महासंगणक बांधायचं काम त्यांच्यावर आलं. अमेरिकेने हवा तो क्रे महासंगणक द्यायला नकार दिला आणि मग आपण स्वतः बांधला, ही कथा शाळेतल्या भाषणांत सगळ्यांनी ऐकली आहे. मला त्या कथेतली दुसरी एक बाजू महत्त्वाची वाटते. तिच्यावर भाषणं होत नाहीत.

परमच्या जवळजवळ प्रत्येक पिढीचा रूळ वेगळा होता. १९९१ च्या परम ८००० मध्ये ब्रिटनच्या इनमॉस कंपनीचे ट्रान्सप्युटर होते. हा प्रोसेसर समांतर कामासाठीच घडवला होता. एकाला चार दुवे, शेजाऱ्याला जोडा आणि वाढवत जा. सीडॅकने त्यावर 'परास' नावाचं आपलं स्वतःचं प्रोग्रामिंगचं वातावरण उभं केलं. पण इनमॉस १९८९ मध्येच दुसऱ्या कंपनीने विकत घेतली होती आणि ट्रान्सप्युटर नव्वदीतच संपला. पुढच्या यंत्रात इंटेलचा आय-८६० आला. तोही टिकला नाही. परम ९००० मध्ये सनचा सुपरस्पार्क. १९९८ च्या परम १०००० मध्ये अल्ट्रास्पार्क, आणि प्रणाली सनचीच सोलारिस. मग बंगळुरूत बसवलेला परम पद्म: आयबीएमचा पॉवर-४, आणि प्रणालीही आयबीएमची, एआयएक्स. पद्म जून २००३ च्या जागतिक यादीत १७१ वा होता. शेवटी २००८ मध्ये पुण्यातला परम युवा: इंटेलचा झिऑन आणि त्यावर लिनक्स.

सतरा वर्षांत पाच रूळ. प्रत्येक वेळी माणसं उतरली, बोचकी उचलली आणि दुसऱ्या गाडीत बसली. हवामानाचे, तेलशोधाचे, रेणूंच्या गणिताचे प्रोग्राम नव्या यंत्रावर न्यायचे, तिथल्या कंपायलरशी भांडायचं, कुठे उत्तर चुकतं ते शोधायचं. या कामाला फीत कापायला कुणी येत नाही. भटकर आणि त्यांच्या माणसांनी यंत्र बांधलं हे खरंच मोठं होतं. पण त्या यंत्रावर जीव धरणारी प्रणाली दर पिढीला कुणा परक्या कंपनीच्या मर्जीवर होती, हेही तितकंच खरं. स्वावलंबनाच्या घोषणेत ही अडचण बसत नाही, म्हणून ती सांगितली जात नाही.

लिनक्स आल्यावर प्रोसेसर बदलायचा थांबला नाही, प्रणाली बदलायची थांबली. २००७ मध्ये पुण्याच्याच एका टाटा कंपनीचा 'एका' हा महासंगणक जगात चौथा आला, तोही लिनक्सवर होता. नोव्हेंबर २०१७ च्या यादीत पहिल्या पाचशेपैकी पाचशे महासंगणक लिनक्सवर होते, आणि त्यांच्या पोटात प्रोसेसर मात्र नाना जातींचे: इंटेल, पॉवर, स्पार्क, चीनचा स्वतःचा सनवे. आता सीडॅक आर्म घराण्यातला 'औम' नावाचा प्रोसेसर घडवते आहे, तिच्या तिरुअनंतपुरम केंद्राने रिस्क-५ घराण्यातला 'वेगा' केला आहे, मद्रास आयआयटीचा 'शक्ती'ही त्याच घराण्यातला. यांच्यासाठी नवी प्रणाली शून्यातून लिहावी लागत नाही. रूळ आधीच टाकलेले आहेत.

कुणी टाकले? इथून पुढे मला डेबियनची गोष्ट सांगायची आहे, कारण आमच्या पाच डब्यांचा निकाल तिथेच लागला.

डेबियन ही कंपनी नाही. इयन मर्डॉक या अमेरिकन विद्यार्थ्याने १९९३ मध्ये सुरू केलेली, जगभरच्या स्वयंसेवकांनी चालवलेली ही एक जमात आहे. जुलै १९९८ मध्ये तिची २.० आवृत्ती पहिल्यांदाच दोन रुळांवर आली: इंटेल आणि मोटोरोला ६८०००. जुलै २००२ च्या ३.० मध्ये रूळ ११ झाले. म्हणजे प्रणालीतला प्रत्येक प्रोग्राम अकरा वेळा घडवायचा, आणि तोही शक्यतो त्या-त्या जातीच्या खऱ्या यंत्रावर. ही यंत्रं काही विद्यापीठांत होती, काही स्वयंसेवकांच्या घरात.

एवढा खटाटोप थोड्या लोकांसाठी कशाला, असा प्रश्न तेव्हाही विचारला जायचा. त्याचं उत्तर भावनेचं नाही, कारागिरीचं आहे. आपण 'पंचवीस' म्हणतो तेव्हा पाच आधी बोलतो, वीस नंतर. लिहिताना मात्र दोन आधी आणि पाच नंतर. उर्दूची ओळ उजवीकडून डावीकडे जाते, पण त्याच ओळीतला आकडा डावीकडून उजवीकडे. आपल्याला याची इतकी सवय आहे की त्यात काही विचित्र आहे हेच जाणवत नाही. प्रोसेसरांतही दोन पंथ आहेत. इंटेल मोठ्या आकड्याचा धाकटा बाइट आधी ठेवतो. मोटोरोला आणि स्पार्क थोरला आधी. फक्त इंटेल पाहिलेला प्रोग्रामर आकडा फाईलमध्ये जसाच्या तसा ओततो आणि त्याला वाटतं, जग असंच आहे. ती फाईल दुसऱ्या पंथाच्या यंत्रावर उघडली की पंचविसाचे बावन्न होतात. तसंच, स्पार्कवर चार बाइटचा आकडा चारच्या पटीतल्या जागी नसेल तर प्रोग्राम तिथेच मरतो. इंटेल तीच चूक मुकाट पोटात घालतो.

म्हणजे कोड कुठे नुसत्या सवयीवर चालतो आहे आणि कुठे नियमावर, हे थोड्यांच्या यंत्रावर कळतं. चूक मूळ कोडमध्ये दुरुस्त होते, म्हणून फायदा बहुसंख्यांनाही मिळतो. हे मी एका मित्राला सांगितलं तर त्याने लगेच सच्चर समिती काढली. मी म्हटलं, बाबा, प्रोसेसरला मोहल्ला नसतो, त्याला तरी सोड. पण तो गेल्यावर माझ्याही डोक्यात ते बराच वेळ घोळत राहिलं, हे कबूल करतो.

मार्च २००५ मध्ये भांडण पेटलं. डेबियनची ३.१ आवृत्ती वर्षानुवर्षं रखडली होती आणि आवृत्ती काढण्याची जबाबदारी असलेली मंडळी व्हँकुव्हरला बसून एका ठरावावर आली. अकरा रूळ झेपत नाहीत. पुढे ज्या रुळाला अधिकृत राहायचं आहे त्याची यंत्रं बाजारात नवी विकत मिळत असली पाहिजेत, त्याची घडणयंत्रं कामाच्या वेगाला पुरली पाहिजेत, त्याच्या बाजूने पाच विकासकांनी सही करून उभं राहिलं पाहिजे, निदान पन्नास वापरणारे दाखवता आले पाहिजेत. ठराव सभासदांपुढे आला तेव्हा अक्षरशः शेकडो पत्रांचा पाऊस पडला. ज्यांची यंत्रं गळणार होती ते म्हणाले, हे वर्गवारी करणारे तुम्ही कोण? ठराव जशाच्या तसा अंमलात आला नाही, पण त्यातली कसोटी टिकली. एप्रिल २००७ च्या ४.० मध्ये मोटोरोला ६८००० अधिकृत यादीतून गेला. तोच, जो १९९८ मध्ये पहिला पाहुणा म्हणून आला होता.

मला सुरुवातीला ठराव मांडणाऱ्यांचा राग आला होता. वाचत गेल्यावर कमी झाला. त्यांनी कुणाला उपरं म्हटलं नव्हतं. त्यांचा प्रश्न साधा होता: तुमच्यासाठी काम कोण करणार, नावं सांगा. आणि खरी गंमत पुढे आहे. यादीतून गेलेला मोटोरोला मेला नाही. कोड उघडा, यंत्रणा उघडी. त्या लोकांनी 'डेबियन पोर्ट्स' या बाजूच्या अंगणात आपला रूळ चालू ठेवला आणि आजही तो तिथे चालतो आहे. अल्फाचंही तेच झालं. विंडोजने तो १९९९ मध्ये सोडला, डेबियनच्या अधिकृत यादीत तो त्यानंतर दहा वर्षांनी आलेल्या आवृत्तीतही होता, आणि यादीतून गेल्यावरही अंगणात आहेच.

त्याच २००५ मध्ये आणखी एक रूळ दाराबाहेर उभा होता. एएमडी कंपनीने २००३ मध्ये इंटेलच्या जुन्या आज्ञांना ६४-बिटची जोड दिली होती. इंटेलने स्वतः आयटेनियम नावाची वेगळीच वाट धरली होती आणि ती फसली. एएमडी६४ साठी डेबियन घडवून तयार होतं, पण अधिकृत ३.१ मध्ये त्याला जागा मिळाली नाही. जगभरच्या साठ्यांवर आणखी एक रूळ मावत नाही, असं कारण होतं. त्याला प्रवेश मिळाला २००७ मध्ये. आज तुमच्या टेबलावरचा जवळपास प्रत्येक पीसी त्याच जातीचा आहे. आर्मचंही तसंच. डेबियनने २००० सालीच तो रूळ घेतला, तेव्हा त्यावर पूर्ण डेबियन कोण चालवणार याला हसणारे होते. २०१२ मध्ये रास्पबेरी पाय आला आणि त्याची प्रणाली डेबियनच्याच आर्म रुळावरून घडली. त्याच वर्षी आकाश टॅब्लेटची दुसरी आवृत्ती निघाली. मुंबईच्या आयआयटीने त्यात बरीच मेहनत घेतली होती. सात इंची, आर्म प्रोसेसर, ५१२ एमबी मेमरी आणि अँड्रॉइड. आयआयटीच्या मंडळींनी त्याच टॅब्लेटवर संपूर्ण लिनक्सही चालवून दाखवलं. आकाश पुढे बारगळला, त्याची कारणं वेगळी आणि बरीचशी सरकारी होती. रूळ मात्र तयारच होता.

आता खैराट. रायगड जिल्ह्यात कर्जत तालुक्यात खैराट-धनगरवाडा नावाची छोटी वस्ती आहे. २००७ मध्ये 'प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप' या जागतिक उपक्रमाचा भारतातला प्रयोग तिथल्या एकशिक्षकी शाळेत झाला. हिरवे-पांढरे छोटे लॅपटॉप, मुलांच्या हातात मावणारे. त्यात एएमडीचा जिओड एलएक्स नावाचा कमी वीज खाणारा प्रोसेसर, २५६ एमबी मेमरी आणि फेडोरा लिनक्सवर बांधलेली प्रणाली. धनगरवाड्यावरच्या पोरांनी त्यावर फोटो काढले, मराठी टाईप केलं.

या जिओडचं पुढे काय झालं, ते मला या सगळ्या इतिहासात सगळ्यात चटका लावणारं वाटतं. हा प्रोसेसर ६८६ म्हणवल्या जाणाऱ्या पिढीच्या जवळजवळ सगळ्या आज्ञा जाणतो, फक्त 'लाँग नॉप' नावाची एक सोडून. नॉप म्हणजे 'काहीही करू नको' अशी आज्ञा. प्रोग्राममध्ये जागा भरायला, निशाणी लावायला ती वापरतात. नव्या कंपायलरांनी सुरक्षेच्या खुणा प्रोग्रामभर पेरायला सुरुवात केली. त्या खुणा जुन्या प्रोसेसरला लाँग नॉपसारख्या दिसतात, म्हणजे ते त्या वाचतात आणि काही न करता पुढे जातात. जिओड पुढे जाऊ शकत नाही. त्याला ते अक्षरच ओळखू येत नाही. म्हणून जून २०२३ मध्ये डेबियन १२ आलं तेव्हा ३२-बिटची किमान पायरी एका आज्ञेने वर गेली आणि जिओड बाहेर पडला. काही न करण्याची आज्ञा समजत नाही म्हणून! खैराटच्या लॅपटॉपवर डेबियन नव्हतं, फेडोरा होतं, आणि २०२३ पर्यंत ते लॅपटॉप केव्हाच म्हातारे झाले होते, हे मान्य. तरी.

आणि मग २०२५. आय-३८६ जाण्यामागची कारणं मी वाचली, आणि ती मला पटली हे नाइलाजाने लिहितो. ३२-बिटच्या प्रोग्रामला ४ जीबीपलीकडची मेमरी मागताच येत नाही, आणि आजचा एक ब्राउझर घडवायलाच त्याहून जास्त लागते. प्रोसेसरांतल्या सुरक्षेच्या नव्या भोकांना ३२-बिट कर्नलमध्ये ठिगळं नीट लागत नाहीत. १९ जानेवारी २०३८ ला ३२-बिटचं घड्याळ संपतं. डेबियनने ३२-बिट आर्मचं घड्याळ रुंद करून घेतलं, आय-३८६ चं मुद्दाम तसंच ठेवलं, कारण आता तो रूळ फक्त ६४-बिट यंत्रावर जुने प्रोग्राम चालवण्यापुरता उरला आहे. सगळ्यात मोठं कारण तेच २००५ चं. हे यंत्र टेबलावर ठेवून रोज चाचणी घेणारी माणसं उरली नाहीत. ज्यांच्याकडे ही यंत्रं आहेत ते आमच्यासारखे, आणि आमच्यापैकी कुणी कधी डेबियनला एक बिघाड तरी कळवला होता का? मी नाही. सहा वर्षं फुकट वापरलं आणि दार बंद झालं तेव्हा रागावलो. त्याच आवृत्तीत रिस्क-५ पहिल्यांदा अधिकृत झाला. त्याच्यासाठी उभी राहणारी माणसं होती.

आठव्या दिवशी भाचा परत आला. मी त्याला म्हटलं, आधी प्रत्येक डब्याला विचार तर खरं, तू कोण आहेस. टर्मिनल उघडून 'एलएससीपीयू' ही आज्ञा दिली की प्रोसेसर आपली कुंडली सांगतो. पहिल्या डब्याने सांगितलं: ३२-बिट. दुसऱ्यानेही. तिसऱ्या डब्यावर भाचा पुढे झुकला. "मामू, ये तो चौंसठ है."

पाचांपैकी दोन मुळात ६४-बिटचे निघाले. दान देणाऱ्यांनी त्यांवर ३२-बिट विंडोज ठेवलं होतं, मी ते पाहून ३२-बिट डेबियन टाकलं, आणि कुणीच कधी विचारलं नाही. सहा वर्षं ते आपल्या निम्म्या अंगाने चालले. दोघांचीही मेमरी कमी होती. कपाटात पडलेल्या एका मेलेल्या पीसीच्या पट्ट्या त्यांत बसल्या आणि रात्री दहापर्यंत डेबियन १३ हलक्या डेस्कटॉपसह चालू झालं.

उरलेले तीन डेबियन १२ वर ठेवले आहेत. त्याला सुरक्षेच्या दुरुस्त्या ३० जून २०२८ पर्यंत मिळतील. त्यांवर ब्राउझर रडतखडत चालतो, म्हणून ते टायपिंगला दिले आणि अर्ज भरण्याचं काम दोन नव्या-जुन्यांकडे. भाच्याने तिन्ही डब्यांवर मार्करने 'जून २०२८' लिहिलं, एका बाजूला मराठीत, दुसऱ्या बाजूला उर्दूत. एका मुलीने विचारलं, "चाचा, ये एक्सपायरी डेट है क्या?" मी म्हटलं, हो, पण दुधाची नाही, लोणच्याची.

त्याच आठवड्यात मी डेबियनला माझा पहिला बिघाड कळवला. उर्दू कळफलक निवडल्यावर एका हलक्या एडिटरमध्ये आकडे उलटे पडत होते. दोन दिवसांनी कुणीतरी उत्तर पाठवलं: तुमचा प्रोसेसर कुठला? मी कुंडली चिकटवून पाठवली.

भंगारवाल्या चाचांना सध्या तो कपाटातला पीसी आणि एक मॉनिटर दिला आहे. ते दोन्ही खरोखरच मेले होते.